कणकुंबीचा दुसरा चहा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना कणकुंबीला एकच चहा प्यायचा, हा माझा नियम २०१५ पासूनचा आहे. त्यामागे कारण आहे. १७ नोव्हेंबर २०१५ ला मी दिवाळीची उरलेली रजा टाकून फातोर्ड्याला मॅच बघायला गेलो होतो. वाटेत कणकुंबीला एक चहा घेतला. दुसरा मागणार होतो, पण दूध संपलं होतं. त्या रात्री एफसी गोवानं मुंबईला ७-० हरवलं. हाओकिपचे तीन गोल, डुडूचे तीन. आता तुम्हीच सांगा, अशा दिवशी जे जे घडलं ते बदलायची हिंमत कोण करील?

मी इंजिनिअर आहे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे मला कळतं; ऑफिसात मी ते नव्या मुलांना समजावूनही सांगतो. पण त्याच ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरला कुणी हात लावत नाही आणि नवी प्रणाली सुरू होते त्या दिवशी नारळ फुटतो. तेव्हा मला हसू नका.

माझे नियम तसे साधे आहेत. तोच टी-शर्ट. स्टेडियमच्या फाटकातून उजवा पाय आधी. मॅच सुरू झाली की फोन बंद. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत काहीही झालं तरी जागेवरून उठायचं नाही. हे सगळे मी मामाकडून शिकलो. चहा तेवढा माझा.

मामा मडगावचा. फातोर्ड्याच्या स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर त्याचं घर. शाळेत असताना मे महिन्यात आम्ही भावंडं आजोळी जायचो, तेव्हा इतर मुलांचे मामा त्यांना समुद्रावर न्यायचे आणि आमचा मामा फुटबॉलला न्यायचा. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. कॉलेजात असताना मी मित्रांना अभिमानानं सांगायचो की २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगची सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याच्या क्लबांनी नेली: तीन धेंपोनं, दोन चर्चिलनं, एक साळगावकरनं. मित्रांना क्रिकेट सोडून काही माहीत नव्हतं, त्यामुळे अभिमान वाया जायचा. मामा घरात आमच्याशी मराठी बोलतो, शेजाऱ्यांशी कोंकणी आणि रेफरीशी पोर्तुगीज. त्याला पोर्तुगीजचे चारच शब्द येतात, पण ते त्या कामापुरते आहेत.

पत्त्यानं आम्ही कर्नाटकातले, म्हणून सहकाऱ्यांना वाटतं मी बंगळुरूच्या बाजूनं असणार. मराठी म्हणून काही नातेवाइकांना वाटतं मुंबईच्या. मी गोव्याचा, कारण मामा गोव्याचा. यापेक्षा मोठं कारण कुणाकडे असतं असं मला वाटत नाही.

त्या ७-० नंतर महिन्याभरात, २० डिसेंबर २०१५ ला, आयएसएलचा अंतिम सामना फातोर्ड्यालाच झाला. समोर चेन्नईयिन. आम्ही तिघं गेलो होतो: मामा, मी आणि मामाचा मित्र. हा मित्र मोटार गॅरेजवाला, जन्मभर मामाच्या शेजारच्या सीटवर बसलेला. मामा त्याला ‘पात्रांव’ म्हणायचा आणि तो मामाला पात्रांव म्हणायचा, त्यामुळे आम्हा मुलांना बरीच वर्षं दोघांची खरी नावं माहीत नव्हती. तो मॅचआधी चर्चमध्ये मेणबत्ती लावून यायचा, मामा देवळात जाऊन यायचा आणि दोघं फाटकापाशी एकमेकांना विचारायचे, “जालें मरे?” झालं म्हटलं की आत.

सामना पूर्वार्धात कोरडा गेला. ५४ व्या मिनिटाला चेन्नईची पेनल्टी कट्टीमणीनं अडवली, पण परत आलेल्या चेंडूवर पेलिसारीनं गोल केला. चार मिनिटांत हाओकिपनं बरोबरी केली. मग आणखी एक पेनल्टी, मेंडोझाची. तीही कट्टीमणीनं अडवली. स्टेडियम असं उसळलं की माझ्या पायाखालचं काँक्रीट हललं. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं फ्री किकवर गोल मारला. २-१.

आणि तेव्हा मामानं ते केलं. त्यानं खिशातून फोन काढला, मामीला लावला आणि त्या गोंगाटात ओरडून म्हणाला, “शिरा लाव!”

९० व्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीच्याच हातून गोलात गेला. जादा वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझानं तिसरा मारला. २-३. आम्ही घरी पोचलो तेव्हा शिरा गरम होता आणि सबंध घराला वेलदोड्याचा वास येत होता. कुणी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मामानं जाहीर केलं की आपण पांढऱ्या पायाचे, यापुढे स्टेडियमात पाऊल टाकणार नाही. आम्हाला वाटलं चार दिवसांचा राग असेल. तो सव्वाआठ वर्षं टिकला.

या सव्वाआठ वर्षांत काय काय झालं पाहा. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. २०१९ च्या अंतिम सामन्यात मुंबईला, जादा वेळेत, बंगळुरूच्या राहुल भेकेनं गोल केला आणि आम्ही परत हरलो. मराठी आडनावाच्या माणसानं मारलेला तो एकच गोल मला अजून बोचतो. २०२० मध्ये साखळीत अव्वल येऊन गोव्यानं लीग शील्ड जिंकली. मग करोना आला आणि दोन मोसम सगळी आयएसएल गोव्यातच खेळवली गेली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, पण प्रेक्षकांविना. मामाच्या गॅलरीतून स्टेडियमचे दिवे दिसतात. सगळ्या देशाचा फुटबॉल दहा मिनिटांवर आणि आत जायला कुणालाच परवानगी नाही. त्या काळात मामा थोडा सुखी होता असं मामी म्हणते. आपणच एकटे बाहेर नाही, एवढंच समाधान.

पात्रांव मात्र २०१५ नंतरही जात राहिला, एकटाच. दर मॅचला मध्यंतरात मामाला फोन करायचा: “तुझी सीट रिकामी आसा.” मामा म्हणायचा, “म्हणून तर बरं चाललंय.” २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, पात्रांव गेला. अंत्यविधीलाही कुणाला जाता आलं नाही.

मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला परत अंतिम सामना झाला, हैदराबाद विरुद्ध केरळ, आणि या वेळी प्रेक्षक होते. कट्टीमणी तेव्हा हैदराबादचा गोलरक्षक. शूटआउटमध्ये त्यानं तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबादला चषक मिळवून दिला, त्याच मैदानावर. मामानं ते टीव्हीवर पाहिलं आणि मला फोन केला. म्हणाला, “तो सुटला बघ. मी राहिलो.”

तर आता एप्रिल २०२४. गोवा साखळीत तिसरा. शनिवारी, २० तारखेला, फातोर्ड्याला चेन्नईयिनलाच २-१ हरवून उपांत्य फेरीत. मामानं ती मॅच टीव्हीवरसुद्धा पाहिली नाही. गॅलरीत उभा राहून ऐकली. इथं एक सांगायला हवं. टीव्हीवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागं असतं, आणि मामाच्या घरात स्टेडियमचा आवाज त्याच्या आधी पोचतो. त्यामुळे टीव्ही लावला तरी मामाला गोल आधी कळतो आणि दिसतो नंतर. सव्वाआठ वर्षांत तो नुसत्या आवाजावरून सगळं सांगू लागला होता: हा गोल, हा हुकलेला, हा रेफरीला.

रविवारी मामीचा फोन आला. “बुधवारी मुंबईशी आहे. तू ये आणि ह्याला घेऊन जा. दर मॅचला गॅलरीत फेऱ्या घालतो, गुडघे गेलेत. इथं झिजण्यापेक्षा तिथं जाऊन हरलेलं बरं.” मी म्हटलं, कौल लावून पाहिलास का? “फुटबॉलसाठी कौल मागितला तर भटजी मलाच देवळाबाहेर काढतील,” मामी म्हणाली.

बुधवार, २४ एप्रिल. सकाळी अकराला बेळगाव सोडलं. बरोबर कुंद्याचा डबा, तो जिंकल्यावरच उघडायचा. जांबोटीच्या पुढं झाडी दाट होते आणि ऊन एकदम निवतं. कणकुंबी म्हणजे चार दुकानं, माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. याच टापूतलं मलप्रभेचं पाणी पूर्वेला कृष्णेकडे जातं आणि कळसा नाल्याचं पश्चिमेला म्हादईकडे. त्या नाल्याच्या पाण्यावरून दोन राज्यं अजून कोर्टात भांडतायत. आमच्या केए २२ च्या पाटीकडे बघून गोव्यातले लोक थट्टा करतात. मामा दर वेळी म्हणतो, “आमचं पाणी नेलंत, आता काय न्यायला आलात?”

टपरीवर चहा घेतला. फार छान झाला होता. एप्रिलचं ऊन, रात्रीची झोप अपुरी, पुढं घाटाची वळणं. पोरानं न विचारता किटली पुढं केली आणि मी, काय बुद्धी झाली कोण जाणे, पेला धरला. अर्ध्यावर आल्यावर आठवलं. उरलेला अर्धा तिथंच मातीत ओतला आणि गाडीत बसलो. घाट उतरून केरी, साखळी, मग उसगाव, फोंडा, बोरीचा पूल. वाटेत जागोजाग काजूच्या बोंडांचा आंबूस वास. मी खिडकी उघडी ठेवली होती, पण डोक्यात चहाच.

मामा तयार बसला होता. निळा टी-शर्ट, २०१५ चा. तेव्हा संघाचा रंग निळा होता. आता सगळं स्टेडियम नारिंगी. मी म्हटलं, दुसरा घाल. म्हणाला, “हाच बसतो अंगाला.” मामीनं मीठमिरच्यांनी दोघांची दृष्ट काढली. नको म्हणालो नाही.

स्टेडियमबाहेर रोस-ऑम्लेटचे गाडे लागलेले. मामा फाटकापाशी थांबला. डावीकडे, उजवीकडे पाहिलं. मी म्हटलं, “काय?” तो काही बोलला नाही. मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, “जालें मरे?” “जालें,” म्हणाला आणि उजवा पाय आत टाकला.

तिकिटं पूर्वी ते दोघं बसायचे त्याच स्टँडची घेतली होती. पायऱ्या चढायला मामाला वेळ लागला. वर आल्यावर दिव्यांखालचं ते हिरवं मैदान एकदम समोर येतं, त्या क्षणाला तो कठडा धरून थोडा वेळ उभाच राहिला. मागचे लोक ओरडू लागले तेव्हा बसला.

१६ व्या मिनिटाला बोरिस सिंगनं गोल केला. मामा उठला नाही, हात मांडीवर दाबून बसला. मध्यंतरात त्यानं खिशातला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. ५६ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसनं दुसरा मारला. ब्रँडन मडगावचा पोर, कप्तान. (दोनच महिन्यांनी तो मुंबईकडे गेला, तो विषय वेगळा.) २-०. ढोल, शिट्ट्या, मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईनं मामाच्या पाठीवर मारलेली थाप. मामा रडत होता आणि ते लपवत नव्हता.

पंचाहत्तरावं मिनिट झालं तसा तो अस्वस्थ व्हायला लागला. घड्याळाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. पंच्याऐंशीला उठला. “मी खाली जाऊन थांबतो.”

“मामा, तू बस. दोन गोल आहेत.”

“तेव्हा मी बसलेलोच होतो. आता पुरो. नशिबाला किती ताणायचं?”

हात धरून बसवायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझ्याही मनात आलं, गेला तर बरंच. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मी बाजूला सरून त्याला वाट दिली.

९० व्या मिनिटाला छांगतेनं एक फेडला. ठीक आहे, मी म्हटलं. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगनं दुसरा. २-२. मामाला वर बोलवावं असं मनात आलं. तो होता तोवर एकही गोल झाला नव्हता. पण मी उठू शकत नव्हतो. शेवटची पंधरा मिनिटं उठायचं नाही. फोन बंद. आणि फोन चालू करायचा म्हणजे २०१५ झालं. तेव्हा एक सत्तर वर्षांचा माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर खाली उभा होता आणि त्याचा इंजिनिअर भाचा सीटला चिकटून. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगतेनं तिसरा मारला. २-३. परत तोच आकडा.

हरल्यावर स्टेडियम रिकामं व्हायला वेळ लागत नाही. मी खाली गेलो. मामा एका खांबाला टेकून उभा होता, हातात कागदी कप, शेजारी एक तरुण सुरक्षारक्षक. तो रक्षकही काही बोलत नव्हता.

“तीन,” मामा म्हणाला.

“तुला कसं कळलं?”

“आवाज आला नाही. आणि त्या कोपऱ्यातून थोडासा आला. तीनदा.” मुंबईचे पाठीराखे त्या कोपऱ्यात होते.

आम्ही घराकडे चालू लागलो. रोस-ऑम्लेटवाले गाडे आवरत होते. नेहमी जिंकल्यावर तिथं उभं राहायला जागा नसते. अर्ध्या वाटेवर मामा थांबला, गुडघ्यासाठी की कशासाठी कळलं नाही.

“मी वर होतो तेव्हा दोन-शून्य.”

“हो.”

“उठलो आणि तीन गेले.”

“मामा, ते तसं नसतं.”

“कसं नसतं? तूच सांग कसं असतं ते.” मला काही सांगता आलं नाही. तो परत चालू लागला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “म्हणजे मी पांढऱ्या पायाचा नव्हतोच. मग मी घरात कशाला बसलो इतकी वर्षं?” आणि नंतर, बऱ्याच वेळानं, अगदी हळू: “तो सीट धरून बसायचा रे.”

घरी मामीनं काही विचारलं नाही. तिनंही आवाज ऐकला होता. सोलकढी-भात वाढला. जेवण झाल्यावर मामानं कुंद्याचा डबा ओढला आणि उघडला. मी म्हटलं, हरलोय आपण. “मुंबईला दुसरी मॅच आहे ना? तोवर खराब होईल,” म्हणाला आणि पहिला चमचा मला दिला.

दुसरा सामना २९ एप्रिलला अंधेरीत झाला. मुंबईनं ०-२ नं हरवलं. दोन्ही मिळून ५-२. पुढं तेच चषक जिंकले, कप्तान राहुल भेके. त्या रात्री मी मामाला फोन केला. म्हणाला, टीव्हीसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलो होतो, पाणी प्यायलाही उठलो नाही. मी म्हटलं, मग? तुझा नवा सिद्धांतही गेला.

“टीव्हीवरचं धरायचं नाही,” तो म्हणाला. “पुढच्या मोसमाला तू ये. मी सीटवरून हलणार नाही. पायऱ्यांचं बघू.” मग जरा थांबून: “बुधवारचं मी सगळं तपासून बघितलं. टी-शर्ट तोच, पाय उजवा, दृष्ट काढलेली. तू येताना वाटेत काही वेगळं केलंस काय?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“कणकुंबीला दुसरा चहा घेतला,” मी म्हटलं.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग मामा मामीला ओरडून सांगताना ऐकू आला, “ऐकलंस? ह्याचंच काम! दोन चहा प्याला!” इतका आनंदी आवाज मी त्याचा किती वर्षांत ऐकला नव्हता.

मी म्हटलं, “दीड, मामा. दीडच.”